संदर्भांची लायब्ररी: नोकरी बदलली तरी सोबत येईल अशी



दोह्याच्या अल मन्सूरा भागात राहणाऱ्यांना वाचनाची चांगली सोय आहे. मेट्रोची ग्रीन लाइन इथूनच सुरू होते आणि मध्ये गाडी न बदलता कतार नॅशनल लायब्ररीच्या स्थानकावर नेऊन सोडते. कतारच्या रहिवाशांना तिथले सभासदत्व विनामूल्य मिळते आणि अनेक डेटाबेस घरबसल्या उघडता येतात. त्यामुळे लेख मिळवणे ही आता मोठी अडचण राहिलेली नाही. जमवलेले ३००-४०० लेख तीन वर्षांनी, कदाचित दुसऱ्या देशात आणि दुसऱ्या नोकरीत, शेवटचे प्रकरण लिहिताना नेमके हाताशी येतील का, हा प्रश्न मात्र उरतोच.

या कामासाठी संदर्भ व्यवस्थापन सॉफ्टवेअर असते. ते तीन कामे करते. लेखाची माहिती (लेखक, शीर्षक, वर्ष, नियतकालिक, डीओआय क्रमांक) आणि त्याची पीडीएफ एकत्र साठवते. तुम्ही केलेल्या खुणा आणि टिपणे शोधून देते. आणि वर्डमध्ये लिहिताना मजकुरातला संदर्भ व शेवटची संदर्भसूची हव्या त्या शैलीत आपोआप तयार करते. एका नियतकालिकाने लेख नाकारला आणि दुसऱ्याकडे पाठवायचा झाला, की या तिसऱ्या कामाची किंमत कळते. ८० संदर्भ हाताने बदलायला दोन दिवस जातात, इथे ते दोन मिनिटांत होते.

निवडताना पहिला प्रश्न

बहुतेक तुलना सोयींच्या यादीने सुरू होतात. आपण परदेशात राहणाऱ्यांनी उलट टोकाने सुरुवात करावी: उद्या हे सॉफ्टवेअर सोडायचे झाले, तर माझे काय काय माझ्याबरोबर येईल?

आपले करार दोन-तीन वर्षांचे असतात. करार संपला की संस्थेचा ईमेल बंद होतो, त्या ईमेलवर उघडलेल्या खात्यांचा पासवर्ड बदलता येत नाही आणि संस्थेने विकत घेतलेला परवानाही संपतो. म्हणून खाते कोणत्याही सॉफ्टवेअरचे असो, ते स्वतःच्या खासगी ईमेलवर उघडा. हे आज पाच मिनिटांचे काम आहे, निरोप समारंभानंतर ते होईलच असे नाही.

चार पर्याय

एंडनोट हे जुने आणि भक्कम सॉफ्टवेअर १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे. सध्या ते क्लॅरिव्हेट कंपनीकडे आहे. ते विकत घ्यावे लागते. संस्था पैसे भरत असेल आणि सगळा गट तेच वापरत असेल, तर ते वापरण्यात गैर काही नाही. पण संस्था सोडल्यावर परवाना स्वतःच्या खिशातून घ्यावा लागेल, हे धरून चाला.

मेंडेली विनामूल्य आहे आणि २ जीबी जागा देते. २०१३ मध्ये ते एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीने विकत घेतले. पुढचा इतिहास आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाचा आहे. २०१८ पासून मेंडेली डेस्कटॉप संगणकावरचा डेटाबेस कूटबद्ध करू लागले, त्यामुळे इतर सॉफ्टवेअरना तो थेट वाचता येईना. २०२१ मध्ये मोबाइल अ‍ॅप बंद झाले. सप्टेंबर २०२२ पासून मेंडेली डेस्कटॉप नव्याने डाउनलोड करणे बंद झाले आणि त्याच्या जागी वेगळे, नवे सॉफ्टवेअर आले. कंपनीने निर्णय घेतला आणि वापरणाऱ्यांना आपली सवय बदलावी लागली. नवे मेंडेली वर्डमध्ये चांगले चालते, पण लिब्रेऑफिस किंवा गूगल डॉक्समध्ये लिहिणाऱ्यांसाठी ते नाही.

झोटेरो २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार झाले. ते मुक्त स्रोत आहे आणि आज एक ना-नफा संस्था ते चालवते. नोंदी आणि पीडीएफ तुमच्याच संगणकावर साध्या फोल्डरमध्ये राहतात, इंटरनेट नसले तरी उघडतात. वर्ड, लिब्रेऑफिस आणि गूगल डॉक्स या तिन्हींत ते चालते. त्याची उणी बाजू म्हणजे ऑनलाइन जागा. विनामूल्य फक्त ३०० एमबी मिळते. एक पीडीएफ साधारण २ एमबीची धरली तर दीडशे लेखांत ती भरते. त्यापुढे वार्षिक शुल्क भरावे लागते किंवा वेबडॅव्ह पद्धतीची स्वतःची जागा जोडावी लागते. ऑनलाइन जागेचा हिशेब फक्त पीडीएफसारख्या फायलींना लागतो, नुसत्या नोंदी कितीही ठेवता येतात.

लॅटेकमध्ये लिहिणाऱ्यांसाठी जॅबरेफ आहे. १९८५ पासून चालत आलेल्या बिबटेकच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्येच ते काम करते. अशी फाइल नोटपॅडमध्येही वाचता येते.

माझा कौल सांगायचा तर, नव्याने सुरुवात करणाऱ्याने झोटेरो घ्यावे, आणि गणित-भौतिकीवाल्यांनी जॅबरेफचाही विचार करावा. पण तुमचे मार्गदर्शक आणि सहलेखक एंडनोटमध्येच मसुदा फिरवत असतील, तर तो मसुदा संपेपर्यंत एंडनोटच वापरा. एकाच वर्ड फाइलमध्ये दोन सॉफ्टवेअरचे संदर्भ मिसळले, की संदर्भसूचीचे क्रमांक जुळत नाहीत आणि चूक शोधता शोधता नाकी नऊ येतात.

निर्यात करून बघा

'निर्यात करता येते' एवढे वाचून समाधान मानू नका. २० नोंदी टाका, दोन फोल्डर करा, एका पीडीएफवर खुणा करा, एक टिपण लिहा. मग हे सगळे आरआयएस किंवा बिबटेक स्वरूपात बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. लेखक आणि शीर्षके बहुधा नीट येतील. फोल्डरची रचना या स्वरूपांत सहसा हरवते, आणि पीडीएफ व खुणा येतीलच याची खात्री नसते. काय गळते ते २० नोंदींवर कळलेले बरे.

मराठी साहित्य असेल तर

मराठी संदर्भ वापरणाऱ्यांना काही गोष्टी हाताने कराव्या लागतात. शोधगंगेवरचे प्रबंध अनेकदा प्रकरणागणिक वेगळ्या पीडीएफमध्ये असतात आणि त्यांना डीओआय नसतो. 'प्रबंध' हा प्रकार निवडून एकच नोंद करा आणि सगळ्या फायली तिला जोडा. युनिकोडपूर्व फाँटमधल्या पीडीएफमधून शीर्षक चिकटवले तर निरर्थक अक्षरे येतात, तिथे शीर्षक युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करण्याला पर्याय नाही. जुन्या पुस्तकावर शके असेल तर ७८ मिळवा: शके १८१२ म्हणजे इसवी सन १८९०-९१. वर्षाच्या रकान्यात इसवी सन इंग्रजी अंकांत लिहा आणि मूळ शके टिपणात ठेवा. इंग्रजी नियतकालिकांना बहुधा रोमन लिप्यंतर हवे असते, तरी देवनागरी शीर्षक त्याच नोंदीत जपून ठेवा.

साधने बदलतात, नीट केलेली नोंद टिकते. शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. १८०० ते १९३७ या काळातल्या पुस्तकांच्या त्या नोंदींवर अभ्यासक आजही विसंबतात. सॉफ्टवेअरने आपोआप भरलेली नोंद मात्र डोळे झाकून स्वीकारू नये. लेखकाचे आडनाव आणि नाव उलटे होणे, वर्ष सुटणे, नियतकालिकाचे नाव अर्धे येणे हे नेहमीचेच. लेख साठवताना अर्धा मिनिट देऊन नोंद तपासा. लेख मागे घेतला गेला आहे का, तेही बघा. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा 'लॅन्सेट'मधला लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला. झोटेरो २०१९ पासून अशा नोंदींवर आपणहून इशारा देते.

येत्या शुक्रवारी एवढे करा

कतारमध्ये शुक्रवारी सुट्टी असते, तेव्हा तासभर काढा. खात्याचा ईमेल खासगी करा. संपूर्ण लायब्ररीची एक निर्यात फाइल आणि पीडीएफचा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. झोटेरोचा चालू डेटाबेस वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, तो बिघडू शकतो. प्रत काढताना सॉफ्टवेअर बंद ठेवा. मग ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बघा, कारण न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच. पुढे दर तीन महिन्यांनी हेच करा. व्हिसाची मुदत आपण कॅलेंडरात लिहून ठेवतोच, त्याच्याच शेजारी ही तारीखही लिहा.