खिरापत ओळखा! – भुलाबाईची गाणी मुलांपर्यंत कशी पोहोचतात

आश्विन जवळ आला की सोलापुरात हादग्याचे वारे वाहू लागतात. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की पाटावर हत्ती काढायचा आणि मुलींनी त्याच्याभोवती फेर धरायचा. माझे शिक्षण सोलापुरातच मराठी माध्यमात झाले, त्यामुळे हादगा मीही खेळले आहे. पण आमचे मूळ घर बुऱ्हाणपूरचे. वडिलांच्या रेल्वेतील नोकरीमुळे आम्ही इकडे आलो. तिकडे आमच्या घरी हादगा नाही, भुलाबाई असते. यंदा दसऱ्याच्या सुटीला जोडून मी कोजागिरीपर्यंत आजीकडे राहिले. तेथे जे पाहिले त्यावरून हा लेख लिहीत आहे.

प्रथम गावाविषयी थोडे. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे आणि २००३ साली खंडव्यापासून वेगळे होऊन तो स्वतंत्र जिल्हा झाला. पण फारुकी सुलतानांच्या काळी हे खानदेशाच्या राजधानीचे शहर होते. पुढे नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात ते होते, आणि त्या राज्यात हिंदीबरोबर मराठीलाही स्थान होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, बुऱ्हाणपूर मात्र जागच्या जागी राहिले. त्यामुळे आमच्याकडे दुकानाची पाटी हिंदी, शाळा हिंदी किंवा इंग्रजी, आणि मराठी उरली ती स्वयंपाकघरात. नदीसुद्धा बाजारात ताप्ती आणि घरात तापी! अशा गावात मराठी गाणे लहान मुलाच्या तोंडी कसे बसवायचे, हा आमच्या घरातला खराखुरा प्रश्न आहे.

भुलाबाई ही खानदेश आणि विदर्भातील मुलींची. भाद्रपद पौर्णिमेला कुंभाराकडून भुलोजी आणि भुलाबाई यांच्या मातीच्या मूर्ती आणून बसवायच्या. ती पार्वती, ते शंकर. मग कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी घरोघर जाऊन टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणायची. शेवटी ज्वारीच्या धांड्यांचा मखर करायचा. याच भाद्रपद पौर्णिमेपासून माळव्या-निमाडच्या मुली भिंतीवर शेणाची संजा मांडू लागतात. ती सोळा दिवसांची आणि तिची गाणी त्यांच्या बोलीतली. म्हणजे पौर्णिमा एक, पण एका गल्लीत ती मराठीत उगवते आणि दुसऱ्या गल्लीत निमाडीत!

गाणी झाली की खिरापत. ज्या घरी गाणी झाली त्या घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते आणि आत काय आहे ते मुलींनी ओळखायचे. गोड की तिखट? ओले की कोरडे? तळलेले की भाजलेले? कोणी डबा कानाशी धरून हलवून पाहते. ओळखेपर्यंत झाकण उघडत नाही. हरल्याचे कबूल केले तर उघडते, पण कबूल करायला कोणी तयार नसते. बुऱ्हाणपूरचा दराबा प्रसिद्ध आहे, म्हणून एखादी आगाऊ मुलगी पहिल्यांदा ‘दराबा!’ असे ओरडतेच. माझ्या लहानपणी तो डब्यात एकदाही निघाला नाही.

यंदा आमच्या गल्लीत मुली जमल्या सहा. मामीने मला आधीच सांगितले होते, “रोज काही जमत नाही गं. सहामाही परीक्षा आहे त्यांची. शेवटचे पाचच दिवस करू.” आजीचा आवाज आता चढत नाही. तेव्हा मी सुशिक्षितपणा दाखवायचे ठरवले. आजीकडून अकरा गाणी वहीत उतरवून घेतली, त्यांच्या प्रती काढल्या आणि मुलींना वाटल्या. माझी मामेबहीण सात वर्षांची. तिने कागद पाहिला आणि विचारले, “दीदी, ये याद करना है क्या?” त्या प्रश्नातच माझ्या योजनेचा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर गाणी लावली. मुली रांगेत बसून शांतपणे ऐकत राहिल्या. मोबाइल गात होता आणि मुली श्रोते झाल्या होत्या. टिपऱ्या कोपऱ्यात पडून.

तिसऱ्या दिवशी आजीने मोबाइल बंद करायला लावला. मामेबहिणीला जवळ बोलावून तिच्या हातात रिकामा डबा दिला आणि म्हणाली, “आज खिरापत तू ठेवायची. काय ठेवलं ते मलासुद्धा सांगायचं नाही. पण पाच गाणी झाल्याशिवाय झाकण काढायचं नाही, हं!”

झाले! आता गाणी व्हायलाच हवी होती, कारण त्यांच्याशिवाय डबा उघडत नव्हता. मामेबहीण मैत्रिणींना गाण्यासाठी पिटाळू लागली. थोरल्या मुलींना जेवढे येत होते तेवढे त्यांनी म्हटले, धाकट्या मागून शेवटचा शब्द तेवढा ओढू लागल्या. एकीने शब्द चुकवला. मी सुधारायला गेले तेव्हा आजीने माझा हात दाबला. नंतर म्हणाली, “आम्ही तरी कुठं बरोबर म्हणत होतो? मोठीचं ऐकून म्हणायचो.”

मला वाटते, आपण नेमके येथे चुकतो. सण आईवडील मुलांना शिकवतात असे आपण धरून चालतो. भुलाबाईत तसे नाही. बारा वर्षांची मुलगी आठ वर्षांचीला देते, आठची पाचचीला. घराने द्यायचे ते अंगण, डबा आणि संध्याकाळचा तास. आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना वापरामुळे मालमत्तेवर होणारा घसारा शिकवतात. येथे महिन्याचे पाच दिवस झाले तो घसारा न वापरल्याचा आहे. तीस संध्याकाळी ऐकून जे आपोआप तोंडात बसते, ते पाच संध्याकाळी बसत नाही. मामीचाही यात दोष नाही. परीक्षेचे वेळापत्रक भुलाबाईला विचारून ठरत नाही.

मुलाला काम देण्याची ही युक्ती दूरदेशीही आहे. मेक्सिकोत नाताळाआधी १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ संध्याकाळी ‘पोसादा’ होतात. मेरी आणि योसेफ यांना रात्रीपुरता आसरा मागत मंडळी गाणे म्हणत घरोघर जातात. बाहेरच्यांनी गाऊन मागायचे, आतल्यांनी गाऊनच नाकारायचे, आणि शेवटी दार उघडते. मग मुले डोळे बांधून टांगलेली ‘पिन्याता’ काठीने फोडतात, आतला खाऊ खाली पडतो. अमेरिकेत स्थायिक झालेली मेक्सिकन कुटुंबेही हे करतात. त्यांच्या मुलांची शाळा इंग्रजी, गाणे स्पॅनिश! ती माणसे आणि आमची मामी भेटली तर गप्पांना विषय कमी पडणार नाही. इतके दूर तरी कशाला? आपल्या कन्नड विभागातील मैत्रिणींना गौरी हुण्णिमे विचारा. साखरेच्या चित्रांची आरती ताटात घेऊन मिरवायला कार्तिक पौर्णिमेला कोणाही मुलीला आग्रह करावा लागत नाही, कारण ताट तिच्या स्वतःच्या हातात असते.

एक शंका मात्र माझ्या मनात आहे. भुलाबाईच्या गाण्यांत सासरच्या तक्रारी आणि माहेरची ओढ फार. सात वर्षांच्या मुलीने ते का गावे? मी आजीला विचारले. ती म्हणाली, “अर्थ मोठेपणी कळतो. तोवर ठेका पुरतो.” मला हे पूर्ण पटलेले नाही. पण मुली कमी पडतात म्हणून यंदा शेजारचे दोन मुलगे फेरात आले आणि आजीने त्यांना टिपऱ्या दिल्या, हे मला मनापासून आवडले. त्यांतला एक घरी निमाडी बोलतो. सासूची तक्रार सर्वांत मोठ्याने त्यानेच गायली.

कोजागिरीच्या रात्री सात गाणी झाली. चौथे गाणे अर्ध्यावर अडले तेव्हा आजीने ओसरीवरून पुढची ओळ सांगितली. मग मामेबहीण डबा घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “ओळख!” हे ती मराठीत म्हणाली. मी शेव म्हटले, केळ्याचे वेफर म्हटले, खोबरे म्हटले, शेवटी दराबाही म्हटले. ती प्रत्येक वेळी मान हलवत होती. मी हरले. डब्यात मुरमुरे होते, आणि त्यांत साखर कालवलेली.