औषध एकच, परिणाम वेगळे का?

कृष्णेच्या खोऱ्यातील शेतकऱ्याला एक गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. खताची एकच मात्रा कऱ्हाडच्या काळ्या जमिनीत आणि जतच्या मुरमाड माळावर सारखे पीक देत नाही. माणसाच्या शरीराचेही काहीसे असेच आहे. एकच औषध एकाला मानवते, तर दुसऱ्याला त्रास देते. अशा वेळी औषधाला किंवा डॉक्टरांना दोष देण्याची घाई होते. वय, वजन, आहार आणि इतर आजार ही या फरकाची कारणे आहेतच. परंतु माणसामाणसांतील आनुवंशिक भेद हेही त्याचे एक महत्त्वाचे कारण होय.

ग्राहींचे कार्य

पेशींच्या पृष्ठभागावर व आतही विशिष्ट घडणीची प्रथिने असतात. त्यांना ग्राही अथवा रिसेप्टर म्हणतात. किल्ली कुलपात बसावी त्याप्रमाणे अनेक औषधे ग्राहीशी जुळतात आणि मगच आपले कार्य करतात. ग्राहीची घडण जनुके ठरवितात. जनुकात अल्पसा बदल असला, तरी कुलूप अवघड होते किंवा प्रमाणाबाहेर सैल उघडते.

याचे बोलके उदाहरण १९६० साली मेलबर्न येथे नोंदविले गेले. पाय मोडलेल्या एका तरुणाला शस्त्रक्रियेपेक्षा भुलीचीच धास्ती होती, कारण त्याच्या नात्यातील दहा जण भूल दिल्यावर दगावले होते. त्याचे म्हणणे डॉक्टरांनी दुर्लक्षिले नाही. पुढे अशा घटनांचा उलगडा झाला. स्नायूंतील रायनोडीन ग्राहीत जन्मजात दोष असल्यास भुलीच्या काही औषधांमुळे तेथे कॅल्शियमचा लोंढा सुटतो, स्नायू ताठरतात आणि ताप झपाट्याने वाढतो. यावर डॅन्ट्रोलीन हे औषध उपलब्ध आहे. अशा रुग्णांसाठी भुलीची सुरक्षित औषधेही आहेत. मात्र धोका आधी कळावयास हवा.

क्षयावरील उपचार

ग्राहीपर्यंत पोहोचण्याइतकेच औषधाचे शरीराबाहेर जाणेही महत्त्वाचे असते. १९५२ पासून वापरात असलेले आयसोनियाझिड हे क्षयावरील औषध यकृतातील एका एन्झाइमच्या साहाय्याने निकामी होते. काहींच्या शरीरात हे कार्य जलद, तर काहींच्या शरीरात संथपणे चालते. हा भेदही जनुकांमुळेच पडतो. भारतीयांपैकी निम्म्याहून अधिक लोक संथ गटात मोडतात. त्यांच्या रक्तात औषध अधिक काळ राहते आणि हातापायांना मुंग्या येणे, तळव्यांची आग होणे असे त्रास संभवतात. १९५६ मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या क्षयरोग संशोधन केंद्रातील अभ्यासांतही हे आढळून आले. ब-६ जीवनसत्त्व दिल्याने हा त्रास टाळता येतो.

मिरजेजवळच्या वॉन्लेसवाडीने क्षयरोग्यांचे आरोग्यधाम पाहिले आहे. त्या काळी विश्रांती आणि स्वच्छ हवा हाच मुख्य आधार होता. आज सहा महिन्यांच्या नियमित औषधोपचाराने बहुतेक रुग्ण बरे होतात. ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराने पायाच्या मुंग्यांना कंटाळून गोळ्या सोडल्या, तर रोग उलटतो, जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि घरातील मुलांनाही संसर्गाचा धोका राहतो. त्रास सांगितला, तर उपाय आहे; लपविला, तर नाही.

नागरिकांनी काय करावे?

शस्त्रक्रियेपूर्वी, रक्ताच्या नात्यातील कोणाला भुलीने अपाय झाला असल्यास, ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पूर्वी न मानवलेल्या औषधाचे नाव कागदावर लिहून जपून ठेवावे. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याच्या गोळ्या घेऊ नयेत. क्षयाचे औषध स्वतःहून बंद करू नये, मात्राही बदलू नये. मुंग्या, सततची मळमळ किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

जमिनीचा पोत पाहून शेतकरी खत देतो. रुग्णाच्या शरीराचा पोत डॉक्टरांना कळण्यासाठी घराण्याची माहिती रुग्णानेच द्यावयाची असते. ती देण्यास काहीच खर्च येत नाही. प्रसंगी तीच प्राण वाचविते.