नॅनोकण आणि भस्मे : सूक्ष्मत्व म्हणजे निर्दोषत्व नव्हे

अलीकडे अनेक जाहिरातींतून व व्याख्यानांतून ‘भस्म म्हणजे प्राचीन नॅनो-औषध, म्हणून ते सुरक्षित’ असे विधान केले जाते. या विधानाचे दोन भाग स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक आहे.

नॅनो म्हणजे काय?
एक नॅनोमीटर म्हणजे एक मीटरचा अब्जावा भाग. साधारणतः १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांस नॅनोकण म्हणतात. १ सें.मी. बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौ.सें.मी. असते. त्याच घनाचे १०० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केल्यास एकूण पृष्ठफळ ६० चौरस मीटर होते. पृष्ठभाग वाढला की रासायनिक क्रियाशीलता वाढते. गुण वाढण्याचे जे कारण, तेच दोष वाढण्याचेही कारण होऊ शकते.

भस्मपरीक्षांची मर्यादा
रेखापूर्णत्व परीक्षेत भस्म बोटांच्या रेषांत शिरते. त्या रेषांमधील अंतर सुमारे अर्धा मिलिमीटर, म्हणजे पाच लाख नॅनोमीटर असते. वारितरत्वात पाण्याचा पृष्ठताणही कार्य करतो. अपुनर्भव व निरुत्थ या परीक्षांनी धातू मूळ रूपात परत येत नाही, हे कळते. या परीक्षा भस्मसिद्धीसाठी अनिवार्य आहेत. परंतु नॅनो आकार किंवा मुक्त पारद, शिसे, आर्सेनिक यांचे प्रमाण त्यांवरून ठरत नाही. काही भस्मांत नॅनो आकाराचे स्फटिक आढळले असले, तरी ते बहुधा चिकटून मोठे गुच्छ बनलेले असतात.

इतर क्षेत्रांतील धडे
अन्नास शुभ्रता देणारे टायटॅनियम डायऑक्साइड अनेक दशके वापरात होते. त्यात नॅनोकणांचाही अंश असतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये ते अन्नघटक म्हणून सुरक्षित मानता येत नाही असे मत दिले व २०२२ मध्ये युरोपीय संघाने त्यावर बंदी घातली. रौप्यकण जंतुनाशक असतात. परंतु सांडपाण्यातून गेल्यास जलचरांना व मातीतील उपकारक जंतूंनाही ते बाधक ठरू शकतात. भारतात २०१९ मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. त्यांत प्रत्येक औषधाचा स्वतंत्र विचार अपेक्षित आहे.

निर्मात्यांसाठी आचार
रुग्णाच्या आधी धोका असतो तो खलाजवळ बसणाऱ्या कामगारास. श्वासावाटे जाणारी सूक्ष्म धूळ फुप्फुसांत खोलवर पोहोचते. म्हणून –

१. कोरडे भस्म खलणे, चाळणे व भरणे ही कामे धूळ शोषून घेणाऱ्या यंत्रणेखाली करावीत.
२. साधा रुमाल पुरेसा नाही. एन-९५ दर्जाचा मुखपट्टा द्यावा.
३. झाडू मारू नये. ओल्या फडक्याने पुसावे.
४. भांडी धुतलेले पाणी व उरलेली पूड गटारात, विहिरीजवळ किंवा शेतात टाकू नये. स्वतंत्र साठवून अधिकृत घातक कचरा व्यवस्थेकडे द्यावी.
५. प्रत्येक घाणीचा धातुविश्लेषण अहवाल जपून ठेवावा.

चिकित्सकांसाठी
‘नॅनो’ हा शब्द मात्रेस पर्याय नाही. गर्भिणी, बालक व वृक्कविकारी रुग्णांत विशेष सावधता बाळगावी. मात्रा, अनुपान व सेवनकाल यांची लेखी नोंद ठेवावी. भस्म कोणत्या निर्मात्याचे व कोणत्या घाणीचे, हेही लिहावे.

सारांश, शास्त्रोक्त परीक्षा आणि प्रयोगशाळेतील परीक्षा या परस्परपूरक आहेत. दोन्हींत उत्तीर्ण झालेले भस्मच आपण रुग्णाच्या हाती विश्वासाने देऊ शकतो.