काचपेटीतील पाणी आणि नायट्रेट

घरात किंवा शाळेत ठेवलेल्या माशांच्या काचपेटीतील पाणी पुष्कळदा आरशासारखे स्वच्छ दिसते. त्याला दुर्गंधी नसते, हवेचा पंपही अखंड चालू असतो. तरीही मासे सुस्तावतात, त्यांची भूक मंदावते, पिल्लांची वाढ खुंटते आणि काचेवर हिरवे शेवाळ पुन्हा पुन्हा चढते. अशा वेळी दोष माशांच्या जातीला किंवा खाद्याला दिला जातो. परंतु अनेकदा खरे कारण पाण्यात विरघळलेले नायट्रेट हे असते. नायट्रेटला रंग नाही व वासही नाही. म्हणून मोजून पाहिल्याशिवाय त्याचा पत्ता लागत नाही.

नायट्रेट कोठून येते?

मासे आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. माशांची विष्ठा, न खाल्लेले खाद्य आणि कुजलेली पाने यांपासूनही अमोनिया तयार होतो. पेटीतील वाळू व गाळणी यांवर वाढणारे उपयुक्त जीवाणू या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनिया व नायट्राइट हे दोन्ही माशांना अल्प प्रमाणातही घातक असतात. त्या मानाने नायट्रेट सौम्य होय. म्हणून नायट्रेट आढळणे हे जीवाणू आपले काम करीत असल्याचे लक्षण आहे.

मात्र पेटीत ही साखळी येथेच थांबते. तळ्यात किंवा नदीत वनस्पती नायट्रेट शोषून घेतात, पावसाचे पाणी ते वाहून नेते आणि तळाच्या चिखलातील काही जीवाणू प्राणवायूच्या अभावी त्याचा नत्रवायू करून हवेत सोडतात. चहूबाजूंनी बंद असलेल्या काचपेटीत असे मार्ग जवळजवळ नसतात. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते, पण नायट्रेट मागेच राहते. पातळी घटली म्हणून वरून पाणी ओतल्याने पेटी भरते, साचलेले नायट्रेट मात्र बाहेर जात नाही. ते माणसानेच काढले पाहिजे.

मोजमाप

नायट्रेट मोजण्याचे रंगपरीक्षणाचे संच व कागदी पट्ट्या शोभिवंत माशांच्या दुकानांत मिळतात. दर लिटरला २० मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण चांगले समजावे. ४० पर्यंतचे प्रमाण बहुतेक सामान्य मासे सोसतात. त्यापुढे मात्र उपाय योजावा. काही संचांवर आकडा ‘नायट्रेट’ म्हणून, तर काहींवर ‘नायट्रेटमधील नायट्रोजन’ म्हणून दिलेला असतो. दुसऱ्या प्रकारच्या आकड्यास ४.४ ने गुणल्यास नायट्रेटचे प्रमाण मिळते. हा भेद ध्यानात न घेतल्यास धोक्याचे पाणी निर्धोक वाटण्याचा संभव असतो.

पाणी बदलण्याचे गणित

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा पेटीत वाळू व वरची मोकळी जागा सोडून सुमारे ५० लिटर पाणी मावते. तीत नायट्रेट ८० मिलिग्रॅम आढळले असे समजू. नायट्रेटविरहित पाण्याने एक चतुर्थांश पाणी बदलल्यास प्रमाण ६० होते. पुन्हा तसेच केल्यास ४५, तिसऱ्या वेळी ३४ व चौथ्या वेळी सुमारे २५. एक-दोन दिवसांच्या अंतराने हे चार बदल करावेत. सर्व पाणी एकदम बदलणे माशांना हानिकारक ठरते, कारण पाण्याचे तापमान, क्षार व आम्लता एकाएकी बदलतात. कित्येक महिने पाणी न बदललेल्या पेटीत तर पहिल्या आठवड्यात दर खेपेस दहावा भागच बदलावा.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालविण्यासाठी ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवावे. पाण्यात क्लोरामाइन असल्यास ते नुसते ठेवून जात नाही. त्यासाठी दुकानात मिळणारे पाणी शुद्ध करणारे औषध वापरावे. पाणी काढताना नळीने तळाचा गाळ ओढून घ्यावा. गाळणीतील स्पंज नळाखाली न धुता पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, म्हणजे उपयुक्त जीवाणू मरत नाहीत.

मूळ उपाय खाद्याचा

पेटीत येणारे नायट्रेट हे बहुतांशी खाद्यातून येते. ४० टक्के प्रथिने असलेल्या १ ग्रॅम खाद्यात सुमारे ६४ मिलिग्रॅम नत्र असते. त्या सर्वांचे नायट्रेट झाले तर ५० लिटरच्या पेटीतील प्रमाण ५ ते ६ मिलिग्रॅमने वाढते. आठवड्याला १० मिलिग्रॅम वाढ होत असेल आणि दर आठवड्यास एक चतुर्थांश पाणी बदलले जात असेल, तर प्रमाण अखेर ४० च्या आसपास स्थिरावते. खाद्य निम्मे केल्यास तेच प्रमाण २० वर येते. यास्तव दोन-तीन मिनिटांत मासे संपवतील इतकेच खाद्य घालावे आणि पेटीत माशांची गर्दी करू नये. शाळेत प्रत्येक विद्यार्थ्यास खाऊ घालण्याची हौस असते. तेथे पाळी लावून द्यावी.

वाढत्या वनस्पती नायट्रेट शोषतात. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया किंवा मुळे पाण्यात सोडलेली मनीप्लांटची फांदी उपयोगी पडते. वाढलेला भाग छाटून बाहेर टाकला तरच लाभ होतो. पाने पेटीतच कुजली तर शोषलेले सर्व परत पाण्यात जाते.

विहिरीचे पाणीच सदोष असेल तर?

एवढे करूनही प्रमाण उतरत नसेल, तर भरण्याचे पाणी तपासावे. त्यातच ४० मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर कितीही वेळा पाणी बदलले तरी पेटीतील प्रमाण त्याखाली जाणार नाही. गोठा, उकिरडा, शौचालयाचा शोषखड्डा किंवा भरपूर रासायनिक खत दिलेले शेत विहिरीजवळ असल्यास असे घडते. पेटीपुरता उपाय म्हणजे पहिल्या काही सरींनंतर स्वच्छ छपरावरून धरलेले पावसाचे पाणी विहिरीच्या पाण्यात मिसळणे.

पण येथे प्रश्न माशांपुरता राहत नाही. भारतीय मानक आय. एस. १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये. तान्ह्या मुलाच्या, विशेषतः सहा महिन्यांखालील अर्भकाच्या शरीरात नायट्रेटचे नायट्राइट होऊन रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते व अंग निळसर पडते. अमेरिकेतील आयोवा राज्यात १९४५ साली डॉ. हंटर कॉमली यांनी विहिरीच्या पाण्याशी असलेला या विकाराचा संबंध दाखवून दिला. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. तुरटी किंवा साध्या मेणबत्ती-गाळणीचाही उपयोग होत नाही. म्हणून पट्टीवर विहिरीचे पाणी ४० च्या आसपास किंवा अधिक दिसल्यास त्याचा नमुना पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत द्यावा. निष्कर्ष येईपर्यंत अर्भकाच्या दुधासाठी किंवा पेजेसाठी ते पाणी वापरू नये. बालक निळसर दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

काचपेटीतून काढलेले पाणी गटारात न ओतता परसातील केळी, माड वा भाजीपाल्यास द्यावे, कारण नायट्रेट हे वनस्पतींचे खाद्यच होय. मात्र नको झालेले मासे व वनस्पती ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीत सोडू नयेत. त्या परक्या जाती स्थानिक माशांच्या मुळावर येतात. शिक्षकांनी दर आठवड्याचे मोजमाप विद्यार्थ्यांकडून फळ्यावर लिहवून घ्यावे, आणि एकदा तरी त्यांना आपापल्या घरच्या विहिरीचे पाणी बाटलीतून आणावयास सांगावे. काचपेटीसाठी आणलेली पट्टी अशा वेळी एखाद्या घरातील तान्ह्या जीवाच्या उपयोगी पडेल.