ध्रुवीय छायाचित्रांचे धातुमुद्रण आणि खरेदीदाराची फसगत

जुन्या ध्रुवीय मोहिमांची छायाचित्रे धातूच्या पत्र्यावर छापून भिंतीवर टांगण्याची हौस ऑनलाइन बाजारामुळे यवतमाळ जिल्ह्यातही सहज भागवता येते. मात्र वस्तू हातात न घेता पैसे मोजावे लागत असल्याने ‘मेटल प्रिंट’ या नावाखाली नेमके काय विकले जाते, हे खरेदीदाराने आधी जाणून घेणे आवश्यक ठरते. खरे धातुमुद्रण सब्लिमेशन पद्धतीने होते. या पद्धतीत विशेष शाईने कागदावर प्रतिमा उलटी छापतात आणि तो कागद पॉलिमरचा लेप दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ठेवून सुमारे २०० अंश सेल्सिअसला हीट प्रेसमध्ये दाबतात, तेव्हा शाईची वाफ होऊन ती लेपात मुरते आणि त्यामुळे नखाने खरवडूनही निघत नाही. यूव्ही छपाईत शाई पत्र्याच्या पृष्ठभागावरच वाळवली जाते. तीही चालण्याजोगी असते. तिसरा प्रकार मात्र नावापुरताच धातूचा असतो: दुकानांच्या पाट्यांना वापरतात त्या एसीपी शीटवर, म्हणजे दोन पातळ ॲल्युमिनियम थरांमध्ये प्लॅस्टिकचा गाभा असलेल्या फळीवर, छापील व्हिनाइल चिकटवून तोच माल धातुमुद्रण म्हणून विकला जातो.

यवतमाळमधील एका अभ्यासिकेसाठी प्रस्तुत लेखकाने मागवलेले चित्र याच तिसऱ्या प्रकारचे निघाले. नागपुरात जन्मलेल्या आणि १९८३ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह अंटार्क्टिकाला गेलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत यांच्याविषयीच्या माहितीफलकाशेजारी ते लावायचे असल्याने चित्राचा खरेपणा ही अट मागणी नोंदवतानाच लेखी कळवली होती, आणि विक्रेत्याने ती मान्यही केली होती.

मागवलेले छायाचित्र छायाचित्रकार फ्रँक हर्लीने टिपलेले होते. शॅकल्टनच्या अंटार्क्टिका मोहिमेतील ‘एन्ड्युरन्स’ जहाज वेडेल समुद्राच्या बर्फात अडकलेले असताना, २७ ऑगस्ट १९१५ च्या रात्री, हर्लीने सुमारे वीस वेळा फ्लॅश पावडर पेटवून ते टिपले. हिमकणांनी मढलेला दोरखंड न् दोरखंड काळ्या आकाशावर पांढरा उमटला आहे, हेच त्याचे सामर्थ्य होय. पुढे जहाज चिरडले गेले, तेव्हा बर्फाळ पाण्यात उतरून हर्लीने काचेच्या निगेटिव्ह बाहेर काढल्या, आणि वजन वाहून नेणे अशक्य असल्याने त्यांतील सुमारे १२० निवडून उरलेल्या सुमारे ४०० फोडून टाकल्या, म्हणजे नंतर मन बदलून परत फिरण्याची सोयच उरू नये. त्यानंतरची छायाचित्रे त्याने कोडॅकच्या एका खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याने, फिल्मच्या तीनच रोलांवर घेतली. इतक्या किमतीने वाचलेल्या प्रतिमेला हात लावणाऱ्याने निदान तिची माहिती तरी वाचावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

पार्सल उघडल्यावर प्रथम नजरेत भरली ती चित्राच्या दोन्ही कडांना छापलेली सिनेफिल्मसारखी छिद्रांची पट्टी. काचेच्या निगेटिव्हला अशी छिद्रे असण्याचे कारणच नव्हते. ‘जुनी फिल्म’ भासावी म्हणून ती संगणकावर जोडली होती. त्यानंतर डोलकाठीजवळचे दोरखंड पाहिले असता काही मध्येच हवेत संपलेले, तर काही एकमेकांत वितळल्यासारखे दिसले, कारण लहान प्रतिमा सॉफ्टवेअरने फुगवताना जे तपशील मुळात नव्हते ते यंत्राने मनाने भरले होते. आकाशाला निळसर छटा आणि चांदण्याही दिल्या होत्या. खाली ‘स्कॉटची मोहीम, १९१२’ असा मजकूर होता. वास्तविक स्कॉटच्या मोहिमेचा छायाचित्रकार हर्बर्ट पाँटिंग, आणि ‘एन्ड्युरन्स’ शॅकल्टनच्या मोहिमेवर निघाले ते १९१४ साली. मे महिन्याच्या उन्हात खोली तापू लागली तशी उजव्या कोपऱ्यातील व्हिनाइलची कड उचलली गेली, आणि कडेवर दोन चकचकीत रेघांमधली प्लॅस्टिकची काळी पट्टी उघडी पडली.

विक्रेत्याचे वर्तन मालाहूनही वाईट होते. प्रथम ‘जुने फोटो असेच अस्पष्ट असतात’ असे उत्तर आले, मग दोष विदर्भातील उष्णतेवर ढकलला गेला, आणि छायाचित्रे पाठवल्यावर पार्सल उघडतानाचे चित्रीकरण मागण्यात आले, ज्याचा उल्लेख विक्रीच्या अटींत कोठेही नव्हता. मधल्या काळात मालाच्या वर्णनातील ‘ॲल्युमिनियम’ हा शब्द गुपचूप बदलून तेथे ‘धातूसारखा’ असे लिहिले गेले. मागणीच्या दिवशीच्या पानाची प्रत जपून ठेवली नसती, तर खरेदीदारच खोटा ठरला असता. किमतीत ‘परवाना शुल्क’ही धरलेले होते. भारतीय कायद्यानुसार छायाचित्राचा प्रताधिकार छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो आणि हर्लीच्या बाबतीत ही मुदत उलटलेली आहे, त्यामुळे हे शुल्क कोणाला दिले जाते याचे उत्तर मिळणे आवश्यक होते, आणि ते अखेरपर्यंत मिळाले नाही.

पैसे देण्यापूर्वी मूळ फाइल किती पिक्सेलची आहे, हे लेखी विचारावे. ३६ इंच रुंदीचे चित्र इंचाला १५० पिक्सेलने छापायचे, तर रुंदीत ५,४०० पिक्सेल लागतात. १,२०० पिक्सेलची प्रतिमा तेवढी ताणल्यास इंचाला जेमतेम ३३ उरतात, आणि उरलेले चित्र यंत्राची कल्पना असते. हर्लीच्या छायाचित्रांच्या डिजिटल प्रती न्यू साउथ वेल्स राज्य ग्रंथालयाने उपलब्ध केल्या आहेत. त्यांच्याशी विक्रेत्याचा नमुना ताडून पाहावा. कडेचा जवळून घेतलेला फोटो मागवावा. चुंबक चिकटल्यास पत्रा लोखंडी समजावा. मात्र एसीपीलाही चुंबक चिकटत नसल्याने या एका कसोटीवर विसंबू नये. मथळ्यांबाबत सावध राहावे, कारण हर्लीनेही फेरफार केले होते: ‘सुटका’ म्हणून प्रसिद्ध झालेले त्याचे एक चित्र मुळात २४ एप्रिल १९१६ रोजी ‘जेम्स केअर्ड’ ही होडी मदत आणण्यासाठी निघाली त्या प्रसंगाचे आहे. पावती जपावी, आणि चित्र थेट उन्हात टांगू नये.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही, म्हणजे यवतमाळच्या ग्राहकाला विक्रेत्याच्या शहरात हेलपाटे घालण्याचे कारण उरत नाही. ही तरतूद दाखवून दिल्यावरच प्रस्तुत व्यवहारात रकमेचा काही भाग परत आला. छिद्रांच्या पट्टीचे ते चित्र मात्र त्याच चुकीच्या सालासह अजूनही विक्रीला आहे.