सारखे दिसणारे दोन तारे

जानेवारीच्या मध्यास रात्री साडेआठच्या सुमारास धुळे रस्त्याने पारोळ्याचे दिवे मागे टाका आणि एखाद्या दादरच्या शेताच्या बांधावर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. डावीकडे मृग नक्षत्र वर आलेले असेल. त्यातला निळसर पांढरा, तेजस्वी राजन्य तुम्ही ओळखताच. हात लांब करून मूठ मिटली, तर ती आकाशाचे सुमारे १० अंश झाकते. राजन्यापासून उजवीकडे, किंचित वर, दोन मुठींहून थोडे अधिक सरका. क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर, एकमेकांपासून अडीच अंशांवर, दोन मंद नारिंगी तारे दिसतील. राजन्याच्या जवळचा डेल्टा एरिडॅनी, पलीकडचा एप्सिलॉन एरिडॅनी. आंतरराष्ट्रीय खगोल संघाने मान्य केलेली त्यांची नावे अनुक्रमे ‘राना’ आणि ‘रान’ अशी आहेत. वर्गात ही नावे सांगितली की हशा पिकतो!

राना ३.५ प्रतीचा, रान ३.७ प्रतीचा. रंग सारखा, म्हणजे पृष्ठभागाचे तापमानही जवळजवळ सारखे, सुमारे ५,००० केल्व्हिन. (सूर्याचे ५,७७० आहे.) कोणीही म्हणेल, हे सख्खे भाऊ!

पण पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारे किती सरकल्यासारखे दिसतात ते मोजून त्यांची अंतरे काढली, तर रान १०.५ प्रकाशवर्षांवर आणि राना २९.५ प्रकाशवर्षांवर निघतो. आता वही-पेन्सिल घ्या. राना २.८ पट दूर आहे. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात मंदावतो, म्हणून तो रानाइतकाच तेजस्वी दिसायला त्याने सुमारे ७.९ पट प्रकाश टाकला पाहिजे. शिवाय तो १.२ पट अधिक तेजस्वी दिसतो. गुणाकार सुमारे ९.५.

एवढा जादा प्रकाश येतो कोठून? स्टेफानच्या नियमाप्रमाणे सारख्या तापमानाचा एक चौरस मीटर पृष्ठभाग सारखीच ऊर्जा टाकतो. मग पृष्ठभागच ९.५ पट असला पाहिजे आणि त्रिज्या त्याच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे ३.१ पट. रानाची त्रिज्या सूर्याच्या ०.७४ पट आहे. म्हणून रानाच्या शेजाऱ्याची, राना ताऱ्याची, सुमारे २.३ पट. ‘‘सर, तिथे न जाता ताऱ्याची त्रिज्या कशी काढतात?’’ हा प्रश्न दरवर्षी येतो. बघा, बांधावर बसून निघाली!

हे सख्खे भाऊ नव्हेतच. रान तरुण आहे. वय १०० कोटी वर्षांहून कमी, वस्तुमान सूर्याहून कमी. केंद्रातला हायड्रोजन तो जपून जाळतो. राना जन्मतः सूर्याहून अधिक वस्तुमानाचा, सुमारे १.३ पट, आणि म्हणूनच उधळ्या. त्याच्या केंद्रातला हायड्रोजन संपला आहे. तेथे हेलियमची राख साचली असून तिच्याभोवतीच्या कवचात हायड्रोजन जळतो. गाभा आकसतो, बाहेरचे थर मात्र फुगून थंड होतात. एके काळी अधिक पांढरा असलेला हा तारा असा नारिंगी झाला. महातारा होण्याच्या वाटेवरच्या अशा ताऱ्याला उपमहातारा म्हणतात. फुगल्यामुळे त्याची सरासरी घनता सूर्याच्या दहाव्या हिश्शाइतकीच उरली आहे. पाण्यात टाकता आला असता तर बुचासारखा तरंगला असता! आपला सूर्यही या अवस्थेतून जाणार आहे. पण त्याच्या केंद्रातला हायड्रोजन संपायला अजून सुमारे ५०० कोटी वर्षे आहेत.

आपले गणित ताडून पाहायचे आहे? चिलीतील पारानाल येथील दुर्बिणी जोडून घेतलेले राना ताऱ्याचे मोजमाप २००५ साली प्रसिद्ध झाले. त्याचा कोनीय व्यास एका विकलेच्या, म्हणजे अंशाच्या ३,६०० व्या भागाच्या, केवळ २.४ हजारांश भरला. २९.५ प्रकाशवर्षांवरून एवढा दिसणारा गोल सुमारे ३२ लाख किलोमीटर व्यासाचा असतो. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे. भागाकार तुम्हीच करा.