मूठभर हरभरे आणि चैत्राचा धडा



"चैत्र आणि वैशाख या महिन्यांत वसंत ऋतू असतो" हे वाक्य आपली मुलं पाठ करतात आणि पेपरात बरोबर लिहितात. पण कडुनिंबाला तांबूस पालवी कधी फुटली, हे किती जणांनी पाहिलेलं असतं? परीक्षेच्या गडबडीत वसंत शाळेच्या खिडकीबाहेरच राहून जातो.

खरं तर या महिन्यात घराघरांत जे चालतं, तोच तयार धडा आहे. चैत्र शुद्ध प्रतिपदेला गुढी उभारतात. तृतीयेला अनेक घरांत चैत्रगौर झोपाळ्यात बसते, ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. या महिनाभरात आंब्याची डाळ, कैरीचं पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे आणि अंगणात चैत्रांगणाची रांगोळी. म्हणजे विज्ञान, गणित आणि चित्रकला एकाच ठिकाणी! सुरुवात मूठभर हरभऱ्यांपासून करू.

१. हरभरा उगवतो, डाळ का नाही?

साहित्य : अख्खे हरभरे, हरभऱ्याची डाळ, दोन सुती फडकी, दोन वाट्या.

दोन्ही वेगवेगळं रात्रभर भिजवा. भिजवण्याआधी आणि नंतर एक-एक वाटी मोजायला लावा. हरभरे फुगून जवळजवळ दुप्पट होतात, ते मुलांनी स्वतः पाहावं. मग ओल्या फडक्यांत बांधून ठेवा. उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत हरभऱ्याला मोड येतात, डाळीला मात्र येत नाहीत.

इथे लगेच उत्तर सांगू नका. भिजलेला हरभरा मुलांना सोलून उघडायला द्या. आत दोन दलं आणि टोकाशी चिमुकला अंकुर दिसेल. डाळ भरडताना दलं सुटी होतात आणि अंकुर निघून जातो. दलं म्हणजे बाळरोपाची शिदोरी. नुसती शिदोरी उगवणार कशी? हे वाक्य एखादं मूल स्वतःच्या शब्दांत बोललं, की धडा झाला समजा.

२. रोप घरी न्यायचं

हरभरा हे थंडीतलं पीक आहे. त्यामुळे आता पेरला तर उगवेल, पण घाटे धरायची आशा नको. सुट्टीत घरी वाढवायला भेंडी, गवार, काकडी घ्या. करवंटीला खाली भोक पाडून माती आणि थोडं शेणखत भरा. बी साधारण बोटाच्या एका पेराएवढं खोल टाका. रोपाला चार पानं येईपर्यंत करवंटी सावलीच्या कडेला ठेवा. नंतर कुंडीत किंवा परसात लावा, कारण करवंटीत मुळांना जागा पुरत नाही. पाण्याची टंचाई असेल तर भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं.

शेजारी दोन-चार हरभरेही पेरा आणि रोज पाहा. काकडीची दलं मातीवर येऊन हिरवी होतात, हरभऱ्याची मातीतच राहतात. हा फरक मुलांना चित्रात काढायला सांगा.

एक काळजी : पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्याला औषध लावलेलं असतं. ते मोठ्यांनीच पेरावं आणि हात साबणाने धुवावेत.

३. स्वयंपाकघरातलं गणित

आंब्याच्या डाळीसाठी हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून भरड वाटायची. त्यात किसलेली कैरी, मीठ, साखर, मिरची, कोथिंबीर, ओलं खोबरं आणि वरून मोहरी-हिंग-हळदीची फोडणी. वाटणं आणि फोडणी मोठ्यांकडे, बाकी निवडणं-मोजणं मुलांकडे.

पन्ह्यासाठी कैरी उकडून गर काढायचा. एक वाटी गराला दीड वाटी गूळ, चिमूटभर मीठ, वेलची. एका पेल्याला दोन चमचे गर लागला, तर २४ मुलांना किती चमचे? कैरी फारच आंबट निघाली तर गूळ किती वाढवायचा? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नसतं, जिभेवर असतं. घामाचे दिवस सुरू होताना गूळ, मीठ आणि पाणी असलेलं पेय घरोघरी का करतात, हेही याच वेळी बोलता येतं.

४. चैत्रांगण : बोटांची शाळा

चैत्रांगणात सूर्य, चंद्र, गौरीचा झोपाळा, तुळशीवृंदावन, कमळ, शंख, कासव, नाग, हत्ती, गोपद्म, कोयरी, फणी, करंडा अशी कितीतरी चिन्हं असतात. गेरूने रंगवलेल्या पुठ्ठ्यावर प्रत्येक मुलाला एक चिन्ह द्या. रांगोळीची चिमूट सोडताना अंगठा आणि तर्जनीवर जो ताबा लागतो, तोच पेन्सिल धरायला लागतो. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी हा उत्तम सराव आहे. वहीत अक्षर डगमगणारी मुलं रांगोळीत सुरेख कोयरी काढतात, तेव्हा वर्गाची त्यांच्याकडे पाहण्याची नजर बदलते.

५. बोलवायचं कोणाला?

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे सारं शिकवणाऱ्या बाया गावातच आहेत. त्यांना वर्गात बोलवा, खुर्ची द्या, आणि मुलांना त्यांच्याकडून शिकू द्या. पण निरोपात "हळदीकुंकू" हा शब्द लिहू नका. तो शब्द वाचला की नवरा गमावलेली आई घरीच राहते, आणि तिचं लेकरू वर्गात एकटं बसतं. वाडीत सगळ्यात सुंदर चैत्रांगण काढणारी आजी कदाचित तीच असते! ज्यांच्या घरी गौर बसत नाही, ज्यांचा धर्म वेगळा आहे, त्यांनाही वाटतं की हे आपलं नव्हे.

म्हणून साधं लिहा : "शनिवारी शाळेत पन्हं आहे. आई, आजी, आत्या, काकू, ज्यांना जमेल त्यांनी यावं. येताना एक कैरी आणावी." करंडा रांगोळीत असला की पुरे, कुंकू लावण्याचा कार्यक्रम शाळेत नको. घरचा सण घरी होतोच. शाळेतला वसंत मात्र सगळ्यांचा हवा.

ऊसतोडीहून परतलेली मुलंही याच सुमारास वर्गात येतात. वाचन-गणितात ती मागे पडलेली असतात, पण बी पेरताना कोणी मागे नसतं. उलट शेतातलं त्यांना जास्त ठाऊक असतं. पहिल्याच दिवशी त्यांच्या हाती करवंटी द्या आणि इतरांना माती कशी भरायची हे त्यांनाच दाखवू द्या.

पालकांना एकच विनंती. सुट्टीत रोप वाळलं तर मुलाला रागावू नका. पाणी कमी पडलं की ऊन जास्त झालं, हे दोघं मिळून शोधा आणि त्याच करवंटीत दुसरं बी टाका. भेंडीचं बी पाच-सात दिवसांत वर येतं, तेवढी वाट पाहायला मूल शिकलं तरी पुष्कळ झालं.